तक्रार पत्र : शाळेला सुट्टी असताना शिकवायला पाठवल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
परदेश स्वयंसेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय : केनियातील ‘प्राथमिक शिक्षक स्वयंसेवक’ कार्यक्रमातील सदोष सेवा आणि शुल्काचा परतावा

महोदय,

स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. राहणार तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्या कंपनीमार्फत केनियाच्या किनाऱ्यावर, किलिफी भागात, पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायला गेले. विमानभाडे सोडून १ लाख ४५ हजार रुपये तुम्ही माझ्याकडून घेतले. तिथे पोहोचल्यावर शाळेच्या फाटकाला कुलूप. शाळेला सुट्टी.

केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. तीन सत्रे असतात आणि एप्रिलमध्ये, ऑगस्टमध्ये व वर्षाच्या शेवटी सुट्ट्या असतात. ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरे सत्र संपते, तिसरे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरते. हे वेळापत्रक तिथले शिक्षण खाते आधीच जाहीर करते, त्यात गुपित काही नाही. तरी तुमच्या माहितीपत्रकात ऑगस्टच्या तुकडीसमोर ‘रोज चार तास प्रत्यक्ष वर्ग अध्यापन’ असे छापलेले आहे. तुमचा तिथला समन्वयक म्हणजे एक भला तरुण. त्याने मला स्वच्छ सांगितले की पुण्याच्या ऑफिसला ही गोष्ट मे महिन्यातच कळवली होती. त्या पोराबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्याला नोटीस वगैरे पाठवू नये.

करारातले कलम तुम्ही मला ईमेलने दाखवलेत : ‘शाळेच्या वेळापत्रकात बदल झाल्यास परतावा मिळणार नाही.’ बदल झालाच नाही, हाच माझा मुद्दा आहे. शाळा ठरल्या दिवशी बंद झाली आणि ठरल्या दिवशी उघडली. दाखला काढताना सुद्धा आम्ही जन्मतारीख दोनदा पडताळतो. तुम्हाला महिना पडताळता आला नाही.

शाळा बंद म्हणून मला एका बालगृहात नेले. या पत्रातली माझी मुख्य तक्रार तिथली आहे, पैशाची नंतर.

पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने स्वतःहून आपली वही आणून दाखवली. पहिल्या पानावर इंग्रजी ए ते ई, कुणीतरी सुंदर अक्षरात गिरवायला दिलेली. दोन पाने सोडून पुन्हा ए ते ई, वेगळ्या हाताची. मग पुन्हा. वहीभर तेच. जो येतो तो ए पासून सुरू करतो, पंधरवड्याने निघून जातो, आणि पुढचा येऊन पुन्हा ए पासून. त्या मुलीला एफ येत नव्हता. टाळ्या वाजवून म्हणायचे स्वागतगीत मात्र तोंडपाठ, चालीसकट. इतकी वर्षे पहिलीचा वर्ग घेतल्यावर मी एवढे खात्रीने सांगते की मूल अक्षराआधी बाई ओळखते. बाई उद्या येणार आहे हे त्याला ठाऊक असले की मग ते पाटीकडे बघते. तुमच्या कार्यक्रमात ती बाईच दर पंधरा दिवसांनी बदलते, आणि तेच तुम्ही ‘लवचिक कालावधी’ म्हणून विकता.

तिथल्या मावशींना विचारले तेव्हा कळले की बऱ्याच मुलांचे आईबाप हयात आहेत, जवळच्याच गावांत आहेत. गरिबीपायी मुले तिथे ठेवलेली. अशी बालगृहे हळूहळू कमी करून मुलांना कुटुंबात परत न्यायचे, असे केनिया सरकारचे २०२२ ते २०३२ या काळासाठीचे धोरण आहे. नवीन बालगृहांची नोंदणी तर त्यांनी २०१७ मध्येच थांबवली होती. ते सरकार मुलांना घरी पाठवू पाहते आणि तुम्ही त्यांच्याभोवती पैसे भरणारे पाहुणे गोळा करता. पाहुणे येत राहिले तर बालगृह मुले सोडील कशाला?

मला त्या मुलांपाशी सोडताना तुम्ही ना पोलीस पडताळणीचा दाखला मागितला, ना डी.एड.चे प्रमाणपत्र. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट मात्र त्याच दिवशी हवा होता. आमच्याकडे शालेय पोषण आहाराच्या तांदळाची सुद्धा नोंद ठेवावी लागते. इथे मुलांपाशी कोण येते-जाते याची कुठे वही नव्हती.

शेवटच्या आठवड्यात शाळा उघडली आणि मला दुसरीचा वर्ग मिळाला. तिथे खालच्या वर्गांत मुलांच्या घरच्या किंवा परिसरातल्या भाषेतून शिकवायचे धोरण आहे, आणि मला ना किस्वाहिली येत ना तिथली गिर्यामा. तुमच्या दोन तासांच्या ऑनलाइन ‘प्रशिक्षणात’ (त्याचेही पैसे घेतलेत, आणि शिकवणाऱ्या मुलाने मला फ्लॅशकार्ड कसे धरायचे ते दाखवले!) याचा उल्लेख नव्हता. वर्गशिक्षिकेने समजूतदारपणे मला वह्या तपासायला दिल्या. ते काम मी मनापासून केले. तिच्या बोलण्यातून कळले की तिथे प्रशिक्षण घेतलेले तरुण शिक्षक सरकारी शाळांत महिना १५ हजार शिलिंगांवर उमेदवारी करतात. माझ्या शुल्कात अशा एका शिक्षकाचा वर्षभराचा पगार निघाला असता. शाळेला त्यातले काय मिळाले, असे मुख्याध्यापकांना विचारले तर त्यांनी खडूची खोकी आणि एक फुटबॉल दाखवला. खर्चाचा तपशील तुमच्याकडून मला लेखी हवा आहे.

आता माझ्या वैयक्तिक नुकसानीबद्दल.

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. तिची फी साधारण ३० डॉलर. तुम्ही ‘व्हिसा प्रक्रिया’ म्हणून नऊ हजार रुपये लावलेत. वर अर्जात कारण ‘पर्यटन’ भरायला लावलेत. त्या परवानगीवर तिथे काम करता येत नाही, पगारी नाही आणि बिनपगारीही नाही. त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो. उद्या विमानतळावर कुणी अडवले असते तर अडकले असते मी, तुमचे ऑफिस नव्हे.

यलो फीवरच्या लसीबद्दल तुमच्या यादीत एक अक्षर नव्हते. केनियातून भारतात उतरताना ही लस घेतल्याचे पिवळे कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. माझा भाचा जहाजावर आहे, त्याला हे सारे पाठ. त्याने विचारले, “मावशी, पिवळं कार्ड काढलंस?” म्हणून मी वेळेत मांडवी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन सरकारी केंद्रात लस घेतली. साठी ओलांडलेल्यांना ही लस पहिल्यांदा देताना जपावे लागते, डॉक्टरांनी बराच वेळ विचारपूस केली. माझे वय तुमच्या अर्जावर पहिल्याच ओळीत आहे.

पावतीवर टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांवर कंपनीने सरकारसाठी वसूल करायचा आयकर) घेतल्याची नोंद आहे, पण माझ्या २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कर जमा झाल्याच्या उताऱ्यात, ती रक्कम दिसत नाही. सरकारच्या नावाने घेतलेला पैसा कुठे आहे, ते कळवावे.

आणि गणपती. २७ ऑगस्टला चतुर्थी होती. सुट्टीच्या तारखा खऱ्या सांगितल्या असत्या तर मी सप्टेंबरची तुकडी घेतली असती. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशिवाय गौरी उभ्या राहिल्या. याची भरपाई मागत नाही, तुमच्याकडे ती नाहीही. पण माझ्या तक्रारीवर तुम्ही बालीच्या सहलीवर १५ टक्के सवलतीचे कूपन पाठवलेत, ते वाचताना घरचे काय बोलले ते लिहिण्यासारखे नाही.

खरे तर आमच्याच जिल्ह्यात गुरुजी कमी आहेत. निवृत्त शिक्षकांना कंत्राटी तत्त्वावर महिना २० हजार देऊन शाळेवर घेण्याचा शासन निर्णय २०२३ मध्ये निघाला होता. पगार मिळण्याचे सोडून मी पैसे मोजून परदेशी गेले, कारण दुसऱ्या देशातली शाळा आतून बघायची होती. त्या इच्छेची मला लाज नाही. तुम्ही ती ज्या रीतीने वापरलीत त्याला माझी हरकत आहे.

तरी कार्यक्रमाचे, प्रशिक्षणाचे आणि व्हिसाच्या नावाखाली घेतलेले जादा पैसे ३० दिवसांत माझ्या खात्यात परत करावेत. टीसीएसची रक्कम भरून प्रमाणपत्र द्यावे. बालगृहातल्या मुलांबरोबरचा माझा फोटो तुम्ही न विचारता जाहिरातीत टाकला आहे, तो लगेच काढावा. माझा चेहरा झाकून चालणार नाही, त्यात मुलांचे चेहरे आहेत. ऑगस्ट, एप्रिल आणि वर्षअखेरच्या तुकड्यांचे बुकिंग थांबवावे, आणि बालगृहाच्या भेटी कार्यक्रमातून पूर्ण काढाव्यात. पुढच्या तुकडीत दापोलीची एक मुलगी आहे, तिला मी हे पत्र दाखवले आहे.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तेव्हा ‘वाद पुण्याच्या न्यायकक्षेत’ या तुमच्या कलमाचा धाक घालू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलेली आहे.

उत्तर लेखी आणि स्पीड पोस्टाने पाठवावे. फोन करू नये. आमच्याकडे पावसात रेंज नसते, आणि फोनवर बोललेले तुमच्याकडे कुणाच्या लक्षात राहत नाही.

आपली,
एक ग्राहक
(निवृत्त मुख्याध्यापिका, जि. प. प्राथमिक शाळा)
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी

सोबत : पावत्या, माहितीपत्रकाची प्रत, ईमेलच्या छापील प्रती, लसीच्या कार्डाची झेरॉक्स, २६एएस