बोटीवर चढण्याआधी

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि आई तुरीच्या शेंगा सोलायला बसली, मी वावराकडे निघालो. केपटाऊनहून बोट, पुढं दक्षिण महासागर, एवढं ऐकल्यावर आम्हा दोघांनाही पुढचं काही विचारणं सुचलं नाही. म्हणून हे पत्र. समुद्राबद्दल मी काही लिहिणार नाही. तुला पोहता येत नाही, तेही काढणार नाही.

फक्त डोळ्यांचं पाहा. चष्म्याचा नंबर वाढला हे तू हसत सांगितलंस. आबाजीही हसतच सांगायचे. काचबिंदू बहुधा दुखत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, आणि घराण्यात उतरतो. निघण्याआधी डोळ्यांचा दाब मोजून घे. झालं, हा विषय संपला.

तू पाठवलेला अँफिपॉडचा फोटो मोबाईलवर ताणताणून पाहिला. कोळंबीसारखाच कवचधारी, पण तांदळाएवढा जीव, दोन्ही बाजूंनी चेपलेला, पाठीत वाकलेला. त्याच्या छातीवरच्या सातही जोड्यांचे पाय आणि तोंडाचे भाग सुईच्या टोकानं एकेक सुटे करायचे, ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर मांडायचे, आणि कोणता केस साधा, कोणता दातेरी, हे चित्रात उतरवायचं. पोरी, हे सगळं सूक्ष्मदर्शकावर! तास-तासभर उठत नाहीस, हे तुझ्या मैत्रिणीनंच सांगितलं. तिला बोलू नकोस.

आईला मात्र पिशवीचं आवडलं. मादी अंडी छातीखालच्या पिशवीत वागवते, आणि पिल्लं बाहेर येतात ती आईबापाच्याच रूपात, हे मी तिला समजावलं. ती म्हणे, "पोटाशी धरते तं मायच झाली ना थे. वैशूले म्हना, तिले जपून काप."

रांजणाखालचे किडे आठवतात? हात लावला की गोळी होणारे. तू ते काडेपेटीत भरून आणायचीस आणि आजी पेटी चुलीजवळ ठेवायची, मग रडारड. ते आयसोपॉड आहेत, कवचधारीच, हे तू बी.एस्सी.ला असताना मला शिकवलंस. अँफिपॉड बाजूंनी चेपलेला, आयसोपॉड वरून खाली. अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यात त्याच गोताचा ग्लिप्टोनोटस यांच्यापेक्षा कितीतरी मोठा होतो, हे मी चावडीवर सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. मी मात्र दोन दिवस ताठ चाललो.

आणि तो स्टेबिंग, इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ. समुद्राच्या अभ्यासाला निघालेलं चॅलेंजर जहाज 1872 ते 1876 जगभर हिंडलं, त्यात गोळा झालेल्या अँफिपॉडांचा अहवाल त्यानं 1888 मध्ये छापला, हजारांवर पानं आणि 210 चित्रफलक. तू कौतुकानं सांगत होतीस, मी मनात म्हणत होतो, या माणसाच्या डोळ्यांचं काय झालं असेल? विजेच्या दिव्याआधीची सवय त्याची. बघ, पुन्हा तिथंच आलो.

बोट हलते म्हणतात, दक्षिणेला चाळीस अक्षांशांच्या खाली वारा सुटतो. हलत्या बोटीवर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसू नकोस. नमुने अल्कोहोलमध्ये टिकतात ना, मग गोव्याला येऊन पाहा. दर वीस मिनिटांनी लांब बघायचं, पाणी प्यायचं, रात्री… राहू दे. निवृत्त मास्तराला फळा मिळाला की तो थांबत नाही. रागावू नकोस.

ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचं नाव ठरतं तो होलोटाइप म्हणून संग्रहालयात जपतात, शंका आली तर पुढच्यानं काढून पडताळावा, ही रीत मला फार पटली. आपल्या सातबाऱ्यालाही एवढी खात्री नाही. नाव मात्र आजीचं देऊ नकोस. अकोल्याची आत्या मग वर्षभर बोलायची नाही.

कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाही. पैसे पाठवायचे नाहीत. मनोज शनिवारी नागपूरहून निघतो, त्याच्याजवळ जवसाची चटणी आणि सांडगे दिलेत. बोटीवर नेऊ देतात का ते आधी विचार, नाहीतर हॉस्टेलच्या पोरी फस्त करतील.

तुझे,
बाबा