त्वचेचा कर्करोग: जनुक तेच, धोका वेगळा

महोदय,

त्वचेच्या कर्करोगाचे जनुक सापडल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे त्या वाचून गप्प बसवत नाही. ‘जनुक’ हा शब्द मथळ्यात आला की वाचक धसका तरी घेतो, नाहीतर आपल्या घरात कुणाला हा आजार नव्हता म्हणून निर्धास्त तरी होतो. त्यातली निर्धास्ती मला जास्त धोक्याची वाटते.

सीडीकेएन२ए हे जनुक घ्या. पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारी प्रथिने त्यापासून बनतात. त्यात जन्मजात बिघाड असलेल्या घराण्यांत अनेकांना मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, झालेला दिसतो. अशा घराण्यांचा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या ८० वर्षांपर्यंत मेलॅनोमा होण्याची शक्यता युरोपात ५८ टक्के, अमेरिकेत ७६, तर ऑस्ट्रेलियात ९१ टक्के निघाली. (मुळात अनेक रुग्ण असलेलीच घराणी निवडली होती, त्यामुळे आकडे चढे आहेत, हेही ध्यानात घ्यावे.) जनुक तेच, पण गोऱ्या त्वचेवर कडक ऊन पडते तिथे धोका सर्वांत जास्त.

याहून लख्ख उदाहरण झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक आजाराचे. उन्हातील अतिनील किरणांमुळे डीएनएमधले शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. निरोगी पेशी तेवढा तुकडा कापून काढते आणि समोरच्या धाग्यावरून नवा भरते. ही दुरुस्ती या आजारात होत नाही, हे शास्त्रज्ञ जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. आईवडील निरोगी असतात. दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडते. दोन वर्षांच्या आतच गालांवर, नाकावर, हातांच्या पाठीवर तपकिरी ठिपके उमटू लागतात आणि शाळकरी वयात कर्करोग होऊ शकतो. मात्र निदान लवकर झाले आणि मुलाला उन्हापासून कसोशीने जपले, तर हे कर्करोग पुष्कळ टळतात. जन्मजात बिघाड तसाच राहतो, तरीही. म्हणूनच ‘नशिबात होते’ हे वाक्य मला सहन होत नाही.

असे आजार दुर्मीळ. सर्रास आढळतात ते एमसी१आर या जनुकातले बदल. त्यांच्यामुळे संरक्षक काळसर रंगद्रव्य कमी आणि लालसर-पिवळे जास्त बनते. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या की बहुधा केस लाल होतात, त्वचा पटकन भाजते. बदललेली प्रत एकच असली तर केस काळेभोरही असू शकतात, तरी धोका थोडा वाढलेला असतो. तो आरशात दिसत नाही. आईवडील, भावंडे किंवा मुलांपैकी कुणाला मेलॅनोमा झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे. एकाच घरात मेलॅनोमा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग झाला असेल, तर नक्कीच. सीडीकेएन२एच्या बिघाडात दोन्हींचा धोका वाढतो.

सावळ्या त्वचेच्या माणसांना हा विषय परका वाटतो. त्यांच्यात मेलॅनोमा कमी आढळतो हे खरे. पण होतो तेव्हा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा संबंध फारसा नसतो आणि तिकडे कुणाचे लक्षही जात नाही. गायक बॉब मार्ले यांचा मेलॅनोमा पायाच्या बोटाच्या नखाखाली होता. १९८१ मध्ये ते वयाच्या ३६ व्या वर्षी गेले. नखाखालची काळी रेघ रुंद होऊ लागली, तर ती मार लागल्याची खूण समजून सोडून देऊ नये.

या विषयावरचे बहुतेक जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. त्यातले आकडे सगळ्या वाचकांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तेव्हा यापुढे अशी बातमी छापताना धोक्याचा आकडा कोणत्या लोकांवरून काढला आहे, एवढी एक ओळ त्याच बातमीत जरूर द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक