मशीन लावून नुसतं बसू न देणाऱ्या फिजिओ मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अण्णा परवा एकटेच गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन दूध घेऊन आले. हातात काठी होती, पण टेकण्यापेक्षा मिरवण्यासाठीच जास्त. तुमचे आभार तोंडी मानून झालेत, तरी चारचौघांना वाचता येतील असे मानावेत म्हणून हे पत्र. सांगली-मिरजेत मेंदूच्या झटक्याशी झगडणारी घरं काही कमी नाहीत.

अण्णांची हयात मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेली. झटका आला तो लहान मेंदूत. हातापायांत जोर शाबूत, पण उभे राहिले की अंग डावीकडे कलायचं. जोर असून माणूस पडतो कसा, हे घरात कुणालाच उमगेना. तुम्ही अण्णांना त्यांच्याच भाषेत सांगितलंत, "मालक धडधाकट आहे, दिवाणजी आजारी पडलाय." कुठला स्नायू कधी आणि किती आवळायचा, याचा हिशेब लहान मेंदू ठेवतो. अण्णांना ते लगेच पटलं.

मग आमच्या काकांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितला. डोक्याला करंट दिला की पेशंट चालायला लागतो म्हणे! मशीन ऑनलाइन मागवायचं, घरीच लावायचं, असा त्यांचा बेत. घरी लावायला तुम्ही साफ नाही म्हणालात. पण नुसतं नाही म्हणून वाटेला लावलं नाहीत. काकांना खुर्ची दिलीत आणि सगळं समजावलंत. चुंबकाची कॉइल डोक्याजवळ धरून पेशी चेतवायची पद्धत वेगळी, ती १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला पहिल्यांदा करून दाखवली गेली. अण्णांना तुमच्या देखरेखीखाली लावणार ते टीडीसीएस, म्हणजे डोक्याला बाहेरून दिलेला अगदी हलका करंट. यात जेमतेम २ मिलिअँपिअर करंट, २० मिनिटं. तेवढ्याने पेशी चेतत नाहीत, फक्त चेतायला थोड्या राजी होतात. त्या वेळात व्यायाम केला तर तो जास्त मुरेल, अशी अपेक्षा. सिनेमातल्या शॉकची धास्ती आईला होती. त्यात शेकडो मिलिअँपिअर जातात, हे ऐकल्यावर ती जरा सैलावली.

न्यूरॉलॉजिस्टनी होकार दिला होता, तरी तुम्ही पुन्हा विचारलंत: पेसमेकर आहे का, डोक्यात धातूची क्लिप आहे का, कधी फिट आली होती का. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर, दुसरा खांद्यावर, आणि वरून रबरी पट्टा. पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले, "मुंग्या चावायल्यात." तुम्ही हसून करंट सावकाश वाढवलात. स्पंज निघाल्यावर कातडी थोडी लाल दिसायची, थोड्या वेळाने जायची.

मला सगळ्यात भावलं ते तुमचं उघड बोलणं. तुम्ही सांगितलंत की तोल सुधारण्यासाठी या उपचाराचे निकाल अजून एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत नुसत्या व्यायामाइतकाच. त्यासाठी खोटं मशीन लावून तुलना करतात, म्हणे. सुरुवातीला अर्धा मिनिट करंट द्यायचा, मुंग्या येऊ द्यायच्या आणि गुपचूप बंद करायचा. पेशंटला पत्ताच लागत नाही. काका म्हणाले, "मग पैसे कशाचे?" तुमचं उत्तर, "घाम काढायचे."

आणि काढलात तसा! स्पंज डोक्याला असताना अण्णा फोमच्या गादीवर उभे. डोळे मिटून उभे. फरशीच्या सांध्यावरून एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाच बोटांना चिकटवून. तुम्ही मागे, दोन बोटं त्यांच्या पट्ट्यात अडकवलेली. ओढायची नाहीत, फक्त असायची. अण्णा चिडायचे, यार्डातल्या शिव्या ओठांपर्यंत यायच्या. तुम्ही ऐकू न आल्यासारखं "परत एकदा" म्हणायचात. तोल मोजायच्या बर्ग स्केलचे १४ प्रकार तुम्ही करून घ्यायचात: खुर्चीतून उठणं, खालची चप्पल उचलणं, पूर्ण वळणं, एका पायावर उभं राहणं. ५६ पैकी गुण. अण्णा दर वेळी भाव विचारल्यासारखे विचारायचे, "आज किती निघाला?" गुण ४५ पेक्षा कमी असले तर पडण्याची भीती जास्त मानतात, हे कळल्यापासून तो आकडा घरात सगळ्यांना पाठ. तो ओलांडला त्या दिवशी आईने तुमच्यासाठी भडंग पाठवला होता.

कोर्स संपल्यावर काकांना आणखी एक हवा होता. पैसे घेऊन तयार होते. तुम्ही म्हणालात, "ते पैसे बाथरूमला दांड्या बसवायला घाला." आम्ही घातले. सुधारणेत मशीनचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे तुम्ही शेवटपर्यंत ठासून सांगितलं नाहीत. त्यामुळेच तुमचं बाकीचं सगळं खरं वाटलं.

एक काम आहे. शेजारच्या काकू पुढच्या आठवड्यात त्यांच्या आईला घेऊन तुमच्याकडे येतील. आजींना पेसमेकर आहे, तेव्हा मशीन मिळणार नाही, व्यायामच करावा लागेल, असं मी आधीच बजावलंय. आजी जरा हट्टी आहेत. तुम्हाला सवय आहे.

आपला,
अण्णांचा धाकटा
सांगली