ब्लूमिंग्टनच्या काकांना, कोल्हापूरहून

काका, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "बास की आता" म्हणता आणि काकूंच्या हातात फोन देऊन मोकळे होता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीय. वाचलं की कळेलच कोणाला लिहिलंय.

2022 चा ऑगस्ट. मी अमेरिकेत, ब्लूमिंग्टनच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत एमएस करायला आलो आणि जिचं डिपॉझिट घरून भरलेलं ती रूम आधीच दुसऱ्याला दिलेली निघाली. दोन बॅगा, आईनं दिलेला कुकर, रात्रीचे नऊ. कुणाच्या तरी ओळखीतून तुमचा नंबर मिळाला, मी फोन केला आणि वीस मिनिटांत तुम्ही गाडी घेऊन दारात. एक प्रश्न विचारला नाही, फक्त "जेवलास का?". अकरा रात्री मी तुमच्याकडे राहिलो. त्याचे आभार तर आहेतच, पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

रूम मिळाली, कॉलेज सुरू झालं आणि मी आतून पार बसलो. क्लास, रूम, झोप, एवढंच. घरी फोन केला की खोटं बोलायचो, सगळं मस्त आहे म्हणून. तुम्हाला ते कसं कळलं मला अजून माहीत नाही. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी गाडी खाली लावून फोन केलात, "कोल्हापूरचा आहेस आणि अजून इथली फुटबॉल मॅच बघितली नाहीस? खाली ये."

बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम. मैदानाभोवती सायकल शर्यतीचा बारीक काळसर खडीचा ट्रॅक, त्याच्या आत हिरवंगार गवत, लाल जर्सीतली पोरं वॉर्मअप करत होती. तुम्ही पॉपकॉर्नचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलात आणि एकदम 1963 पासून सुरुवात केलीत. जेरी यीगली नावाचा तरुण कोच इथं आला तेव्हा सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, हा नुसता क्लब होता, युनिव्हर्सिटीच्या अधिकृत टीममध्ये त्याची गणतीच नव्हती, आणि त्या माणसानं एकदोन नाही तर दहा वर्षं तसाच क्लब चालवला, 1973 ला कुठं व्हार्सिटीचा दर्जा मिळाला. स्वतः खेळाडू म्हणून 1961 ला वेस्ट चेस्टर कॉलेजकडून एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला माणूस तो, कोच म्हणून पहिला कप हातात यायला 1982 उजाडलं. मधे 1976, 78 आणि 80 अशा तीन फायनल हरला, तिन्ही सान फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीकडून! आणि 82 ची फायनल तरी सरळ जिंकावी की नाही, ड्यूक युनिव्हर्सिटीविरुद्ध आठ ओव्हरटाईम, मग 2-1. हे सांगताना तुम्ही आठ बोटं वर धरली होती, पॉपकॉर्न सांडले, आणि पुढच्या रांगेतली आजी मागं वळून हसली.

मला तेव्हा काय वाटलं ते तुम्हाला कधी बोललो नाही. मी पेठेत वाढलोय. आमच्याकडं मॅच म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा या टीम, आणि कुठल्या साली कोण कोणाकडून कसं हरलं हे तोंडपाठ असलेले म्हातारे. तुम्ही बोलत होता आणि मला वाटलं माझे आजोबाच शेजारी बसलेत. ते पण असेच बोटं मोजत बोलायचे.

सगळ्यात जास्त मनात राहिलं ते 1988. तुम्ही स्वतः तेव्हा इथं स्टुडंट, फायनल याच मैदानावर, इंडियाना 1-0 नं जिंकली, केन स्नो त्या टीममध्ये होता, ज्याला पुढं 88 आणि 90 अशी दोनदा हर्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली. पण तुम्ही आपल्या टीमचं कौतुक थांबवून समोर हरलेल्या हॉवर्डबद्दलच बोलत राहिलात. काळ्या विद्यार्थ्यांची ऐतिहासिक युनिव्हर्सिटी, लिंकन फिलिप्स हा त्रिनिदादचा कोच, कॅरिबियन आणि आफ्रिकेतून आलेली पोरं, 1971 ला सेंट लुईस युनिव्हर्सिटीला 3-2 नं हरवून चॅम्पियन, आणि मग काही खेळाडू नियमात बसत नाहीत असा ठपका ठेवून एनसीएएनं ते टायटल काढून घेतलं. 1974 ला तेच परत आले, एकही मॅच न हरता, आणि सेंट लुईसलाच त्यांच्याच गावात चौथ्या ओव्हरटाईममध्ये 2-1 नं हरवलं. तुम्ही म्हणालात, "88 ला आपण जिंकलो तेव्हा मी नाचलो. हे सगळं मला नंतर कळलं, आणि तेव्हापासून ती मॅच आठवली की आधी ती समोरची पोरं आठवतात." आपल्या टीमवर इतकं प्रेम करणारा माणूस समोरच्याचाही इतिहास असा जपून ठेवतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. पेठेत हे सांगायला धाडस लागतं काका.

मग दर मॅचला मी तुमच्यासोबत. डिसेंबरातली सिराक्यूज युनिव्हर्सिटीविरुद्धची इंडियानाची फायनल तुमच्या हॉलमध्ये बघितली, 2-2, पेनल्टीवर 7-6 नं गेली. नववा कप हुकला. तुम्ही टीव्ही बंद केला, बराच वेळ कोणी बोललं नाही, मग काकूंनी गरम भात-आमटी वाढली आणि तुम्ही पहिल्या घासाला म्हणालात, "यीगली तीन हरला होता." त्या रात्री रूमवर जाऊन मी घरी फोन केला आणि पहिल्यांदा आईला खरं सांगितलं, की अवघड जातंय, पण आहे मी. ती रडली, मी पण रडलो, आणि त्यानंतर मला नीट झोप लागायला लागली.

तो फोन तुमच्यामुळं झाला काका. हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं. मनापासून थँक्यू. काकूंना नमस्कार, त्यांच्या आमटीची चव अजून जमली नाही.

तुम्ही दिलेला लाल मफलर इथं कपाटात आहे. भारतात याल तेव्हा सीझन चालू असताना या, शाहू स्टेडियमवर तुमच्यासाठी रुमाल टाकून जागा धरतो. आजोबा आता नाहीत, पण त्यांच्या कट्ट्यावरचे दोघंजण अजून रोज येतात. त्यांना आठ ओव्हरटाईमची मॅच तुम्हीच सांगायची, मी सांगितली तर विश्वास ठेवत नाहीत.

तुमचा,
कोल्हापूरचा पोरगा