घरातल्या आवाजाचेही मोजमाप व्हावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ध्वनिप्रदूषणाची चर्चा आपल्याकडे गणेशोत्सवातील डॉल्बीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. घरात वर्षभर चालणाऱ्या आवाजाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर शांत झोपेसाठी शयनगृहात सुमारे ३० डेसिबलच आवाज असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपेतही कान चालूच असतात, त्यामुळे जाग आली नाही तरी आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात आणि माणूस सकाळी थकलेलाच उठतो.

बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागांत विणकरांच्या अनेक घरांत यंत्रमाग आणि अंथरूण यांच्यामध्ये जेमतेम एक भिंत असते. मागाची खडखड फरशीतून थेट उशीपर्यंत पोहोचते, आणि आजारी माणूस किंवा तान्हे मूल असलेल्या घरी तर हाल विचारू नयेत. पोटाचा प्रश्न असल्याने माग बंद करा, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु मागाच्या पायांखाली जाड रबर बसवण्यासाठी अनुदान आणि विणकर कुटुंबांची श्रवणतपासणी एवढे तरी प्रशासनाने करावे. पहाटे टाकी भरणाऱ्या पंपाखालीही असे रबर घातल्यास भिंतीतून येणारी घरघर बरीच कमी होते, आणि हे काम तर आपले आपणच करू शकतो.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव