मामा, अवंतीच्या पट्ट्याबद्दल थँक्यू, आणि ते सगळ्यांसमोर

मिरज रोडच्या मामांना नमस्कार,

तुम्ही मोबाईल फक्त कॉल घ्यायला वापरता हे माहितीये, त्यामुळं हे तुम्हाला तुमचा भाचाच वाचून दाखवणार, आणि त्याचेही आभार यातच आहेत, ते पुढं येईल. तोंडावर काही बोलायला गेलं की तुम्ही "गप रं, चा पी" म्हणून विषय संपवता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो, गाडी म्हणजे डीसी अवंती, गाड्या डिझाइन करणाऱ्या दिलीप छाब्रियांनी २०१२ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली ती दोन सीटवाली, मी सेकंडहँड घेतली. इंजिन सीटच्या मागं, दोन लिटर टर्बो पेट्रोल, रेनोचं, २५० हॉर्सपॉवरच्या आसपास. आता उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रोडवर आणि आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ही गाडी किती फिरणार, त्यामुळं किलोमीटर फारच कमी, आणि त्यावरनंच जो तो म्हणायचा की पळालीच नाही तर टायमिंग बेल्ट कशाला बदलतोयस, पैसे जास्त झालेत का. तुम्ही मात्र त्या पट्ट्याला, म्हणजे इंजिनातल्या पिस्टनचा आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याला, हात लावायच्या आधीच गाडीचं साल विचारलंत आणि म्हणालात, "रबार हाय ते, उभ्या गाडीत बी म्हातारं हुतंय." विषय संपला. या इंजिनात पट्टा तुटला काय आणि नुसते दात सुटले काय, पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकतो, मग व्हॉल्व्ह बेंड, हेड खाली, आणि तो खर्च ऐकून मालक पण खाली.

तुमच्याकडं यायच्या आधी मी दोन ठिकाणी विचारलं होतं, नावं घेत नाही. एकानं गाडी न बघताच फोनवर असा आकडा सांगितला की त्यात एक चांगली बुलेट आली असती. दुसरा म्हणाला पांढऱ्या पेंटनं खुणा मारू, जुना काढू, नवा चढवू, दुपारी गाडी घेऊन जा. खरं सांगतो मला दुसरा लय आवडला होता. पण तुम्ही मला स्टुलावर बसवून नीट समजावलंत की या इंजिनात कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, पुल्यांना आणि खालच्या क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, गिअरला चावीच, म्हणजे जागेवरनं सरकू नये म्हणून असते ती खुंटीच, नसते, सगळं फक्त बोल्टच्या आवळण्यावर धरलेलं असतं, आणि खालची पुली काढायला बोल्ट ढिला केला की आतला गिअर क्रँकवर मोकळा, तो जरा जरी सरकला तर पेंटची खूण बरोबर दिसते आणि टायमिंग चुकलेलं असतं. म्हणजे कॅम आणि क्रँक दोन्ही लॉक केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. हे तुम्हाला कुठून माहिती, तर रेनोच्याच डस्टरच्या १.६ पेट्रोलवर काम करून, तिथंही कॅम लॉक करायची पद्धत हीच.

कॅम लॉक करायचं टूल काय लगेच मिळेना. आणि इथं भाचा आला. कुपवाड एमआयडीसीत त्यानं मिलिंगवर स्टीलची पट्टी काढून दिली. दोन्ही कॅमच्या मागच्या टोकाला खाच असते, ती मधोमध नसते, जराशी एका बाजूला, दोन्ही खाचा खालच्या अंगाला एका रेषेत आल्या की त्यात ती पट्टी बसते आणि मगच इंजिन टायमिंगवर आहे म्हणायचं. पहिली पट्टी तुम्ही खाचेत घालून बोटानं हलवलीत आणि "खेळतीय, परत कर" म्हणून माघारी पाठवलीत, तेव्हा मला वाटलं होतं एवढ्याशानं काय होतंय. त्या टोकावरची झाकणं भोक पाडूनच निघतात आणि वाया जातात हे पण तुम्ही आधीच सांगून नवी मागवायला लावली होतीत, नाहीतर तेवढ्यासाठी गाडी अडकून पडली असती.

मग मागचं उजवं चाक काढलं, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, त्या बाजूचं माउंटिंग सोडलं, आणि आत हात घालायला जागा केवढी तर माझा गेलाच नाही. तुम्ही छोटा आरसा आणि माझ्या मोबाईलचा टॉर्च घेऊन काम केलंत. बाहेरचा पट्टा, अल्टरनेटर आणि एसीचा, मला चांगला वाटत होता, तुम्ही त्याची कड नखानं उचलून दाखवलीत, दोरे सुटायला लागले होते. आणि हे सगळ्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवा, बाहेरचा पट्टा फाटला की फक्त बॅटरी चार्जिंग जाईल असं नाही, त्याचे दोरे क्रँकच्या पुलीमागून आत शिरले तर टायमिंग बेल्टच उडवतात, म्हणजे स्वस्तातल्या पट्ट्यानं इंजिन जातं. म्हणून दोन्ही पट्टे, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर पुली सगळं एकदमच बदललं.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते शेवटचं. पट्टा बसला, बोल्ट आवळले, आधी टॉर्क रेंचनं आणि मग अंश मोजून, संध्याकाळ झालेली, गॅरेजात बघ्यांची गर्दी, कोण भडंग खातंय, कोण व्हिडिओ काढतंय, सगळे म्हणतायत मामा मारा सेल्फ. तुम्ही सेल्फला हात लावू दिला नाहीत. क्रँक लॉक करायची पिन आणि कॅमची पट्टी काढली, पान्यानं इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं, परत पिन घातली, परत पट्टी घातली. पट्टी बसली, पण टेन्शनरचा काटा खुणेपासून एवढासा सरकलेला. मला तर आरशात दिसत पण नव्हता. तुम्ही काय बोलला नाहीत, टेन्शनर ढिला केलात आणि ते सगळं पुन्हा केलंत, निम्मी गर्दी कंटाळून घरी गेली. सेल्फ शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी मारला, एका झटक्यात चालू, आयडलिंग एकदम सरळ, तेव्हा बघायला आपण तिघंच.

मला इंजिनातलं फार कळत नाही, पण घाई करायला लावणारी एवढी माणसं समोर उभी असताना हातातलं काम परत पहिल्यापासून करणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. आणि वर मजुरी घेतलीत ती एखाद्या साध्या गाडीची, गॅरेजातली एक जागा किती दिवस अडकली होती ते धरलंच नाहीत. याच्यावर मी भांडणार आहे.

ती पट्टी तुमच्याकडंच ठेवा, सांगली-कोल्हापूरला डस्टरच्या १.६ पेट्रोलवाल्यांना पण उपयोगी पडेल, मी विचारेल त्याला तुमच्याकडं पाठवतोय. बाहेरच्या पट्ट्याचा ताण बघायला गाडी घेऊन येतोच, त्या दिवशी भाच्याला पण थांबवून ठेवा, पट्टीचे पैसे त्यानं अजून सांगितलेले नाहीत.

तुमचा,
विश्रामबागचा अवंतीवाला