सरचूहून खाली आणणाऱ्या उस्तादांस अनावृत पत्र

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव विचारून घेण्याचे भान त्या रात्री मला राहिले नाही, आणि सकाळी भान आले तेव्हा आपला ट्रक केलाँगच्या रुग्णालयासमोरून निघून गेला होता. मनाली–लेह रस्त्यावर ट्रकचालकाला उस्ताद म्हणतात, म्हणून तोच मायना केला आहे. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण मनातले मला याच भाषेत नीट मांडता येते. शिवाय दर उन्हाळ्यात मोटरसायकली घेऊन त्या रस्त्याने उत्तरेकडे जाणारी मराठी मुले पुष्कळ आहेत आणि आपण आमच्यासाठी काय केलेत ते त्यांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

आम्ही दोघे मित्र दोन मोटरसायकलींवर निघालो होतो ते श्योक नदीकाठच्या तुर्तुकपर्यंत जाण्यासाठी. १९७१ च्या युद्धात भारतात आलेले हे गाव. त्याच्या पुढे रस्ता थोडाच उरतो आणि मग नियंत्रण रेषा येते. देशाच्या उत्तर टोकाला आपण आपल्या गाडीने पोहोचायचे, हे आमचे कॉलेजपासूनचे ठरलेले होते. क्लच केबल, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पेट्रोलचे कॅन यांची यादी आम्ही तीन-तीनदा तपासली. वेळापत्रक मात्र एकट्या मी आखले होते, आणि चूक तिथेच झाली.

पूर्वी मनालीहून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात, जिथे केलाँग आहे, उतरण्यासाठी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड चढून जावे लागे, आणि त्या चढाच्या शिणवट्याने माणसे केलाँगला मुक्काम करीत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि तो सगळा चढ काही मिनिटांवर आला. बोगदा ही त्या भागातल्या लोकांसाठी फार मोठी सोय आहे, हिवाळ्यात तर विशेषच; पण माझ्यासारख्याला त्यामुळे वाटले, की सकाळी मनालीहून निघून रात्री सरचूला, म्हणजे हिमाचल-लडाख सीमेवरच्या तंबूंच्या मुक्कामाला, पोहोचता येईल. पोहोचता आलेही. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि सरचू सुमारे ४,२९० मीटरवर, म्हणजे एका दिवसात आम्ही जवळजवळ सव्वादोन हजार मीटर वर येऊन झोपायला निघालो होतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच नसावा, हे मी निघण्यापूर्वी वाचलेले होते. तरीही केलाँगचा मुक्काम गाळला, कारण त्याने एक दिवस वाचत होता.

सरचूच्या अलीकडची बारालाचा ला ही खिंड (तिकडे खिंडीला ‘ला’ म्हणतात) ओलांडतानाच मित्राचे डोके दुखू लागले होते. सरचूला उतरल्यावर त्याला दोनदा उलटी झाली, जेवण नको म्हणाला, आणि मग बराच वेळ आपल्या बुटांच्या नाड्यांकडे नुसता पाहत बसला. नाडी सोडायची कशी, हेच त्याला सुचत नव्हते. मला तो थकवा वाटला आणि मी त्याच्या अंगावर रजई टाकली. तंबूतला ऑक्सिजनचा सिलिंडर तळाला आलेला होता; होता तेवढा तंबूवाल्यांनी दिला. आपण शेजारच्या बाकावर जेवत होता. ताट बाजूला सारून आपण उठलात, त्याला उभे केलेत आणि तंबूचा दोर जमिनीवर सरळ पसरून म्हणालात, की या दोरावर पावलाला पाऊल लावून चालून दाखव. तिसऱ्या पावलाला तो कलला, आणि आपण त्याला धरले नसते तर खुंटीवर पडला असता. दारू घेतली आहे का, एवढेच आपण मला विचारलेत. नाही म्हटल्यावर आपण सांगितलेत, की याला खाली न्यायचे ते आत्ता, सकाळी नाही. तोल जाणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळले. आपल्याला ते इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यातून ठाऊक होते.

या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने सरचूची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, म्हणून ती इथे लिहितो. तिथून सरळ खाली जाणारी वाट नाही. लेहच्या दिशेने निघालात तर गाटा लूप्सची २१ वळणे चढून पुढे एकामागून एक खिंडी लागतात. मागे फिरलात तर सुमारे ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा ला पुन्हा चढावा लागतो. उंची बाधलेल्या माणसाला खाली आणण्यासाठी आधी आणखी सहाशे मीटर वर न्यायचे, आणि तेही अशा हवेत, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पंचावन्न टक्के उरतो. म्हणूनच ते अंतर थांबत, चाचपडत, दुसऱ्याच्या मागे मोटरसायकलवर बसवून काटण्यासारखे नव्हते, आणि मी तेच करायला निघालो होतो.

आपण लेहला माल उतरवून रिकामे परतत होता आणि दिवसभर गाडी चालवून आला होता. पहाटे चारला निघायचे आपले ठरले होते, कारण दिवसा बर्फ वितळून फुगलेले नाले तोवर उतरलेले असतात. ती झोप आपण सोडून दिलीत. रस्त्यालगतच्या मातीच्या उंचवट्याला ट्रकची मागची बाजू भिडवून फाळका पाडलात, आणि पाच-सहा जणांनी दोन्ही मोटरसायकली ढकलत हौद्यात घेतल्या. मी माझी गाडी चालवत मागून येतो म्हणालो, तर आपण नुसते माझ्या हातांकडे बोट दाखवलेत. ते थरथरत होते.

केबिनमध्ये आम्हाला जागा व्हावी म्हणून आपला क्लीनर घोंगडे घेऊन मागे हौद्यात गेला आणि त्या थंडीत ताडपत्रीखाली दोन्ही गाड्यांना धरून बसला. वयाने तो विशीचाही नसावा. त्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. वाटेत दारचा गावी चहासाठी थांबलो तेव्हा ओठ निळे पडलेले असतानाही त्याने पहिला ग्लास माझ्या मित्रापुढे धरला. उस्ताद, या पत्रातले निम्मे आभार त्याचे आहेत. कृपा करून ते त्याच्यापर्यंत पोहोचवावेत.

त्या प्रवासातली जी गोष्ट मी कधीच विसरणार नाही, ती आपल्या प्रश्नांची. मित्र खिडकीला टेकून बसला होता आणि दर काही मिनिटांनी आपण त्याला विचारत होता, की पुढचे वळण डावीकडे आहे की उजवीकडे. दिव्यांचा झोत कड्यावर पडत होता, वळण समोर दिसत होते. खिंडीपर्यंत त्याने एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. खिंडीखालचे सूरज ताल हे तळे मागे पडल्यावर तो उत्तरे देऊ लागला, पण ती चुकीची. डाव्याला उजवे म्हणायचा. आपण त्याला एकदाही दुरुस्त केले नाहीत, फक्त पुढच्या वळणाला पुन्हा विचारलेत. झिंगझिंगबारच्या खाली एका नाल्यात चाक अडकले, आपण पाण्यात उतरून दगड सारून आलात, ओल्याच पायांनी पुन्हा क्लच दाबलात आणि बसल्याबसल्या त्याला विचारलेत, डावीकडे की उजवीकडे. पटसेओ गेल्यावर दोन उत्तरे बरोबर आली. दारच्याच्या अलीकडे तर आपण विचारण्याआधीच तो म्हणाला, “उजवीकडे.” तेव्हा आपण स्टीअरिंगवर हलकी थाप मारलीत आणि त्या रात्रीत पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसलात. खाली उतरण्याइतके दुसरे औषध नाही, असे मी कितीतरी ठिकाणी वाचले होते. ते लागू पडताना मी पाहिले ते त्या केबिनमध्ये.

केलाँगला डॉक्टरांनी त्याला लगेच ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिले आणि सांगितले, की सकाळपर्यंत सरचूलाच थांबला असतात तर सांगणे कठीण होते. मी बाहेर येईपर्यंत आपण दोन्ही मोटरसायकली उतरवून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. आपल्या हातात पैसे ठेवायला आलो, तर आपण माझी मूठ मिटवलीत आणि आधी त्याच्या घरी फोन करा म्हणालात. मी फोन करायला आत गेलो, आणि परत आलो तो रस्ता रिकामा.

पुढच्या वर्षी आम्ही दोघेच पुन्हा निघालो, डॉक्टरांचा सल्ला घेऊन आणि या खेपेला श्रीनगरच्या बाजूने. त्या रस्त्यालाही खिंडी आहेत, ३,५२८ मीटरचा झोजी ला आहे, ४,१०८ मीटरचा फोटू ला आहे, पण रात्रीचे मुक्काम सोनमर्ग, कारगिल असे खाली पडतात आणि शरीराला सवड मिळते. वेळापत्रक मित्राने आखले. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस आम्ही गाड्यांना हातही लावला नाही. मग खार्दुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरलो आणि तुर्तुकला जर्दाळूंच्या झाडांखाली बसलो, तेव्हा आम्हा दोघांच्याही बोलण्यात आपणच होता.

परतताना मुद्दाम मनालीच्या रस्त्याने आलो. सरचूला दिवसभर थांबून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकचालकांना आपल्याविषयी विचारले, पण ट्रकचा नंबर माझ्याकडे नव्हता आणि पुढच्या काचेवरची लाल झालर एवढीच खूण मला सांगता येत होती. तशी झालर पुष्कळ ट्रकांना असते.

मित्राला त्या रात्रीचे काहीच आठवत नाही, ना दोर, ना नाला, ना रुग्णालयाचे दार. पत्र लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवले, तेव्हा त्याने त्याच्या बाजूने एवढेच लिहायला सांगितले: अंधारात कोणीतरी आपल्याला सारखे काहीतरी विचारत होते, आणि त्याला उत्तर द्यायचे राहू नये असे वाटत होते, इतके त्याला आठवते.

आपला ऋणी,
दोघांपैकी गाडी चालवू न दिलेला